रोग लेकीचा, नाव माझं

नांदेडच्या एका दवाखान्यातल्या कॉम्प्युटरात काही वर्षं मला फिट येत होत्या. मला म्हणजे माझ्या नावाला. प्रत्यक्षात मला आयुष्यात एकदाही फिट आलेली नाही. मला येतो तो राग, आणि तो लई येतो, आमच्या घरात कुणालाही विचारा. फिट यायच्या त्या माझ्या लेकीला.

लेक आठवीत होती तेव्हा पहिल्यांदा पडली. उदगीरला, घरीच, गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली येताना. डोळे फिरले, हातपाय ताठ, तोंडाला फेस. मी किंचाळले. माझ्या थोरल्या जाऊबाई पळत आल्या आणि त्यांनी आधी काय केलं असेल? रस्त्याकडचं दार लावलं. पाणी, कांदा, चप्पल हे सगळं नंतर. त्यांना आम्ही आक्का म्हणतो. एकत्र घर, सासूबाई गेल्यापासून शेवटचा शब्द आक्कांचा. वाईट बाई नाही हो. माझी लेक माझ्यापेक्षा त्यांच्याच मांडीवर वाढली, त्यांना मोठी आई म्हणते. पण दार लावलं ते लावलंच.

"पोरीची जात हाय," त्या संध्याकाळी म्हणाल्या. "फिट येते असं एकदा गावात झालं की उंबरा चढायचं न्हाई कुणी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

उदगीरचं माणूस आजारी पडलं की लातूरला जातं. तिथं आमचे अर्धे पाहुणे, दवाखान्याच्या बाकावर चार ओळखीचे भेटणारच. म्हणून आम्ही उलट्या दिशेची, नांदेडची एसटी धरली. काउंटरवरच्या माणसानं पेशंटचं नाव विचारलं. आमचे हे शिक्षक, आयुष्यभर हजेरी घेतलेले, त्यांनी लेकीचं नाव सांगायला तोंड उघडलं, तर आक्कांनी मधेच माझं नाव सांगून टाकलं. वर मला म्हणतात, "तुझं लग्न झालंय. तुला आता काय फरक पडतोय?"

खरं सांगू? मला बरं वाटलं. लेकीचं दुखणं अंगावर घेता येत असेल तर कुठली आई नको म्हणेल? देवापुढं रोज तेच तर मागत होते. देवानं दिलं नाही, केसपेपरनं दिलं.

आत डॉक्टर म्हातारे होते. कागदावर बाईचं नाव, बाईचं वय आणि समोर दोन वेण्यांची पोरगी. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं आणि पोरीला तपासायला घेतलं. असे आणखीही लोक त्यांच्याकडं येत असावेत. मराठवाड्यात लग्न झालेल्या बायकांनाच एवढ्या फिट का येतात, असा प्रश्न कुणा बाहेरच्याला पडला असता.

त्यांनी गोळी सुरू केली आणि पंधरवड्यात पोरीच्या अंगावर लाल चट्टे उठले. आधी पाठीवर, मग सगळीकडं. ताप. तोंडात फोड, पाणी गिळवेना. पुन्हा नांदेड, तिथं भरती. म्हाताऱ्या डॉक्टरांचा चेहरा मी तेव्हा बघितला, तो मला आवडला नाही. डॉक्टर घाबरलेला दिसला की आपलं धाबं दणाणतं. पोरगी वाचली. घरी सोडताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही गोळी हिला विष हाय. आणि नुसती हीच न्हाई, हिच्या भावकीतल्या दुसऱ्या गोळ्या, इंजेक्शनं, तीपण न्हाई चालायची. जन्मात न्हाई." मग भावकीतली नावं सांगितली. इंग्रजी, लांबलचक. मी मान हलवली आणि एसटीत बसेपर्यंत सगळी विसरले. आमच्या घरचा नियम असा की दवाखान्याचा कागद घरात ठेवायचा नाही. गोळ्या घेऊन झाल्या की चिठ्ठी चुलीत. गोळ्यासुद्धा पाकिटातून काढून व्हिटॅमिनच्या डबीत भरायच्या, म्हणजे कुणी बघितलं तरी वाचायला काही नको.

त्याच सुमारास त्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला. म्हाताऱ्या डॉक्टरांची सून डॉक्टर होऊन हाताखाली आली होती, तिनं आणला. आधी कसं, फडताळात फायलींचे गठ्ठे, आपली सापडेस्तोवर बाकावर बसून राहा. एकदा तर आमची सापडलीच नव्हती आणि पोरीला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं होतं. आता नंबर सांगितला की पोरीची, म्हणजे माझी, सगळी कुंडली पडद्यावर. जुने कागदसुद्धा सुनेनं बसून आत घातले. सगळ्यात वर एक लाल पट्टी. "ही बघा," मला दाखवून म्हणाली, "ह्या औषधांची नावं. इथला कुठलाही डॉक्टर हे उघडेल त्याला पहिलं हेच दिसणार. चुकून लिहायला गेला तर कॉम्प्युटर अडवणार." दर खेपेला नर्स पोरीला काट्यावर उभी करायची, मग भिंतीच्या पट्टीपाशी, आणि आकडे टाइप करायची.

आक्कांना कॉम्प्युटरची भीती. "कागद जाळता येतो," म्हणाल्या, "हे कसं जाळायचं?"

त्या सुनेनं मला दोन-तीनदा सुनावलं. कॉम्प्युटर तिला सारखा अडवायचा, ह्या वयाच्या बाईला हा डोस कमी हाय म्हणून. "ताई, हे रेकॉर्ड तुमच्या नावावर किती दिवस ठेवायचं? उद्या पोरगी दुसऱ्या गावात पडली तर हे तिच्या काय कामाचं? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चला, तिच्या नावावर करू." तिथं मला पटायचं. घरी येऊन मी तोंड उघडलं की ह्यांचं ठरलेलं, बारावी होऊ दे. आक्कांचं ठरलेलं, लग्न होऊ दे. मी भांडले, ताटं आपटली, दोन दिवस अबोला धरला. शेवटी नावावरचा रोग नावावरच. आणि मला बीपीचा त्रास सुरू झाला तेव्हा तो दाखवायला मी त्या दवाखान्यात जाऊ शकले नाही. माझ्या नावावर माझा रोग लिहायला जागाच उरली नव्हती.

दहावीला तिला मार्क पडले आणि डॉक्टर व्हायचं वेड लागलं. मग काय, लातूर. आमच्याकडं हुशार पोराला दुसरं गावच नाही. गल्लीगल्लीत होस्टेल, मेस, झेरॉक्स, खांद्याला बॅगा लावून पहाटेपासून पळणारी पोरं. मी तिला होस्टेलवर सोडलं तेव्हा खोलीतल्या बाकीच्या पोरींसमोर व्हिटॅमिनची डबी कपाटात ठेवली. काही विचारलं तर चक्कर येते म्हणायचं, हे तिला पाठ होतं. पण त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला. रात्रभर जागून अभ्यास करू नको म्हणायचे, तर हो म्हणायची आणि करायची. गोळी घेतलीस का, असं फोनवर उघड विचारायची सोय नाही, शेजारी पोरी. म्हणून मी विचारायचे, "जेवलीस का?" ती म्हणायची, "जेवले." ती खरंच जेवली एवढंच मला कळायचं.

फोन आला तो एका शनिवारी, दुपारचा. होस्टेलच्या बाई. "तुमच्या मुलीला टेस्ट चालू असताना फिट आली. दवाखान्यात आणलंय. इथं आल्यावर पुन्हा आलीय. तुम्ही निघा."

आमचे हे शाळेची सहल घेऊन सहस्रकुंडाच्या धबधब्याला गेलेले. फोन लागेना. मी पायात मिळेल ती चप्पल घातली आणि स्टँडवर पळाले. आक्का मागनं आल्या, हातात पाण्याची बाटली. मी त्यांना या म्हटलं नाही आणि नको पण म्हटलं नाही. लातूरची बस लागलेलीच होती.

बस हलली तसा दुसरा फोन. लातूरचा डॉक्टर, तरुण आवाज. मागं कुणीतरी ओरडत होतं. "पेशंटची आई का? हिला आधी फिट यायच्या का? होस्टेलच्या बाई म्हणतात, काही नव्हतं. मैत्रिणी म्हणतात, चक्कर यायची. डबीत पांढऱ्या गोळ्या सापडल्यात, व्हिटॅमिनच्या दिसत नाहीत. नेमकं काय आहे?"

आक्का माझ्या शेजारी. पुढच्या सीटवर निलंग्याचं एक जोडपं, आक्कांच्या ओळखीचं. नुसतं ओळखीचं नाही, आक्कांच्या स्वतःच्या पोरीची सोयरीक निलंग्याला ठरत आली होती आणि ही माणसं त्याच घरच्या नात्यातली. दोघंही मान वळवून, काय झालं, पोरगी बरी हाय न्हवं, असं विचारून बसली होती. आक्कांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि हलके दाबला.

मी फोनात म्हणाले, "हाव, तिला फिट येतात. आठवीपासनं येतात."

बोलले, आणि पुढच्या सीटवरच्या दोन्ही माना पुढं वळल्या. आक्कांनी हात काढून घेतला.

"गोळी कोणती चालू आहे? कशाची ॲलर्जी?"

"हाय! एका गोळीनं मरता मरता वाचली. त्या गोळीच्या भावकीतलं कायपण चालत न्हाई."

"नाव?"

नाव. ते नाव मला आठवेना. मी डोळे मिटले, कपाळ बडवलं, ते लांबलचक नाव काही जिभेवर येईना. "साहेब, ते नांदेडला कॉम्प्युटरात हाय."

"ताई, मला वेळ नाही. फिट थांबवायचं पहिलं इंजेक्शन दिलंय, ती पूर्ण शुद्धीवर येत नाही. पुन्हा येऊ नये म्हणून दुसरं भरून ठेवलंय. त्या दवाखान्याला सांगून मला माहिती पाठवा. लवकर." त्यानं नंबर दिला आणि फोन ठेवला.

माझं माहेर किल्लारीजवळचं. भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते. आमच्या घरातले आम्ही सगळे जिवंत निघालो, पण तंबूतल्या दवाखान्यात मी आजीजवळ बसून होते तेव्हा बाजूच्या खाटेवर एक म्हातारी आणली होती. डॉक्टर विचारत होते, हिला आधीचं काही दुखणं हाय का, साखर, दमा, कसल्या गोळ्या? विचारून विचारून बेजार झाले. कोण सांगणार? तिचं सांगणारं माणूसच उरलं नव्हतं. लातूरच्या त्या खाटेवर आता माझी पोरगी तशी पडली होती. फरक एवढाच की तिची सांगणारी माणसं जिवंत होती, आणि त्यांनीच तिला तोंड मिटायला शिकवलं होतं. मला त्या बसमध्ये असा राग आला, स्वतःच्या घराचा, निलंग्याच्या त्या जोडप्याचा, सोयरीक ह्या शब्दाचा, की रडूसुद्धा येईना.

नांदेडला फोन लावला. काउंटरवरची मुलगी. मी धाडधाड सगळं सांगितलं, लातूरच्या डॉक्टरचा नंबरसुद्धा. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, पेशंटच्या परवानगीशिवाय रेकॉर्ड बाहेर देता येत नाही. पेशंटला बोलू द्या."

"पेशंट बेशुद्ध हाय!"

"तुम्ही सांगितलेल्या मुलीच्या नावानं इथं काहीच नाही, मॅडम."

कसं असेल? मी म्हणाले, "माझ्या नावानं बघा." नाव सांगितलं.

"हे आहे. ह्या पेशंटशी बोलायचंय."

"मीच ती. मीच पेशंट हाय. देते मी परवानगी!"

"मग मुलगी?"

"रोग तिचा, नाव माझं! अगं पोरी, तू ते सोड, जन्मतारीख विचार, मोबाइल विचार, काय विचारायचं ते विचार, पण पाठव."

सगळी बस ऐकत होती. कंडक्टरनं तिकिटाचं मशीन खाली घेतलं होतं. तिनं जन्मतारीख विचारली, मी सांगितली. मोबाइलवर एक आकडा येईल म्हणाली. आला, पण चष्मा घाईत घरीच राहिलेला, वाचता येईना. मी फोन आक्कांपुढं धरला. आक्का मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. एकेक आकडा बोट ठेवून त्यांनी मोठ्यानं वाचला आणि मी तो फोनात सांगत गेले.

"पाठवलं," ती मुलगी म्हणाली. "डॉक्टर मॅडम ओपीडीत आहेत, त्यांनाही सांगते."

मग रेंज गेली. आपल्याकडं रेंज नेमकी तेव्हाच जाते. बाहेर तुरीची रानं, आणि मी फोन खिडकीबाहेर धरून बसलेली, आला का, आला का. आक्का दुसरीकडं तोंड करून रडत होत्या. कुणासाठी, मी विचारलं नाही. दोन पोरी होत्या त्यांना रडायला, एक पोटची आणि एक माझी.

रेंज आली आणि फोन वाजला. "ताई, हे काय पाठवलंत? हे तर चाळिशीतल्या बाईचं रेकॉर्ड आहे. ह्याच्यावर विसंबून मी सतरा वर्षांच्या मुलीला औषध कसं बदलू? फिट तुम्हालाही येतात का? दोघींचं एकत्र झालंय का काही?"

"न्हाई साहेब, मला न्हाई, देवाशप्पथ. ते सगळं तिचंच हाय. नुसतं नाव माझं."

"हे मी कशावरून मानू?"

कशावरून? कोण विश्वास ठेवणार? कागद जाळणारी, डब्या बदलणारी माणसं आम्ही. पलीकडं कळा दाबल्याचा आवाज येत होता.

"थांबा," तो अचानक म्हणाला. "ही उंची... दर वेळची उंची आहे इथं." पुन्हा कळांचा आवाज. मग म्हणाला, "ताई, चाळिशीत कुणाची उंची वाढत नाही. पोरीची वाढते. कळलं मला. या तुम्ही." आणि फोन बंद.

पुढचा रस्ता मला आठवत नाही. निलंग्याच्या बाईनं उतरताना माझ्या पाठीवर हात ठेवला एवढं आठवतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पोरगी झोपलेली होती. श्वास नीट, तोंड एका बाजूला, ओठाला दाताची जखम. अंगावर चट्टा कुठं नाही, मी बाह्या वर करून करून बघितलं. डॉक्टर आला, पोरगाच म्हणायचा. नांदेडच्या मॅडम त्याच्याशी बोलल्या होत्या. "आम्ही अशा वेळी नेहमी देतो ते इंजेक्शन त्याच भावकीतलं होतं," तो म्हणाला. माझाच शब्द त्यानं उचलला होता. "ते ठेवून दिलं. दुसरं दिलंय, तिच्या चालू गोळीचंच. दोन-तीन दिवस गोळ्या चुकल्यात तिच्या, शिवाय जागरण." मी त्याच्या पाया पडायला वाकले तर तो मागं सरला. पोरींची नजर चुकवून गोळी घ्यायला तिला होस्टेलमध्ये जागाच मिळत नव्हती, हे मला नंतर कळलं.

आक्का बाहेर बाकावर बसल्या होत्या, दार उघडंच होतं.

पोरीनं डोळे उघडले. मला ओळखलं, हसल्यासारखं केलं. डॉक्टर टेबलावरचा कॉम्प्युटर ओढून खुर्चीवर बसला. "आता हिचं हिच्या नावावर नवीन रेकॉर्ड करू. नांदेडचं सगळं ह्यात घेतो, लाल पट्टीसकट." मग तिच्याकडं वळून, समजूतदार आवाजात, "बाळ, तू सांग. तुला कधीपासून फिट येतात?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. जीभ जड झालेली. मग सावकाश, पण एकेक शब्द नीट उच्चारत, शाळेत उत्तर द्यावं तशी म्हणाली,

"मला न्हाई येत, सर. आईला येतात."

डॉक्टरची बोटं थांबली. अर्धवट शुद्धीत माणूस खोटं बोलत नाही म्हणतात. माझी पोरगी अर्धवट शुद्धीतसुद्धा बोलली, इतकं आम्ही तिला पक्कं शिकवलं होतं.

"न्हाई बाळा," मी म्हणाले. "मला न्हाई येत. तुला येतात. तुलाच येतात."

तिनं माझा हात धरला. सुई लावलेल्या हातानं, सगळा जोर लावून. डोळे भरून आले तिचे.

"आई, हळू बोल ना," ती म्हणाली. "माझं नाव नको सांगू."

डॉक्टर वाट बघत होता. मी तिचा हात सोडवला नाही. तसंच धरून त्याला नाव सांगितलं, तिचं, तिच्या बापाचं, मग आडनाव, बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. ती रडत होती आणि तो टाइप करत होता.